बुंदीची साक्ष

आमच्या गावात एकदा एक मोठं जेवण झालं होतं आणि ते कशासाठी झालं यावर अजून एकमत नाही. मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होतो. जेवलेली माणसं आता बहुतेक गेली. तरी पारावर विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, बुंदी होती बाबा, त्या काळात बुंदी म्हणजे साधं कारण नसणार. या बुंदीच्या जोरावर माझ्या चुलत बहिणीची जमीन माझ्या नावावर व्हायची होती. ती झाली नाही. कशी झाली नाही ते लिहितो. माझी त्यातली लाज गाळून लिहिता आलं असतं, पण तसं लिहिलेलं खोटं ठरेल.

मी जिंतूरला कॉलेजात इतिहास शिकवायचो. आमचं गाव बोरीपासून जवळ, एस.टी.तून उतरलं की पायी जाण्याइतकं. प्राचीन संस्कृतींचा पेपर घ्यायला आमच्या विभागात कुणी तयार नसायचं. मराठे, पेशवे, निजामाचा काळ यांवर सगळ्यांच्या उड्या पडत. ग्रीस आणि रोम माझ्या वाट्याला आले आणि हळूहळू मला आवडायला लागले. त्या माणसांची युद्धं मला कधीच फार आवडली नाहीत. त्यांची भाऊबंदकी मात्र ओळखीची वाटायची.

अथेन्समध्ये एखादा माणूस मुलगा नसताना मेला आणि मागे मुलगी असली, तर त्या मुलीला एक खास नाव होतं, एपिक्लेरॉस. मालमत्तेला जोडून आलेली, असा त्याचा अर्थ. मालमत्ता तिची होत नसे. ती तिच्यासोबत जाई आणि तीही मालमत्तेसोबत जाई. बापाच्या सगळ्यात जवळच्या पुरुष नातेवाइकानं कोर्टात जाऊन मागणी करायची की ही मुलगी बायको म्हणून मला द्या. पुढे तिला होणाऱ्या मुलाकडे आजोबांचं घरदार जायचं. मागणी करणाऱ्यांच्या रांगेत पहिला मान चुलत्याचा, त्याच्यामागे चुलत भावाचा.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं हसली. एकानं विचारलं, "सर, चुलत्यासंगं लग्न?"

"हो."

"मग काका म्हणायचं का अहो म्हणायचं?"

वर्ग हसला, मीही हसलो. पुढच्या बाकावर माझी भाची बसली होती. चुलत बहिणीची ही एकुलती एक मुलगी शिकायला आमच्याकडेच राहायची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. घरी मामा आणि वर्गात सर, हे तिनं कधी चुकवलं नाही. तिनं विचारलं, "सर, त्या मुलीला कोर्टात जाऊन काही सांगता यायचं का?"

"नाही. बाईची साक्ष घेत नसत. तिच्या वतीनं घरातला पुरुष बोलायचा."

"म्हणजे जो जमीन मागायलाय तोच?"

मी म्हणालो, "बऱ्याचदा तोच," आणि फळ्याकडे वळलो.

चौऱ्याण्णवच्या त्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. बस बंद होत्या, रस्त्यावर पोलीस होते, गावागावांतून दबकं बोलणं चाललं होतं. माझ्या मनात मात्र अठ्ठ्याहत्तर साल होतं. तेव्हा मी परभणीला शिकत होतो. याच नामांतराचा ठराव झाला म्हणून खेड्यांमधल्या दलित वस्त्या पेटल्या आणि आमच्या वर्गातली काही मुलं सुटीनंतर परत आलीच नाहीत. त्यांतल्या एकाच्या शेजारी मी दोन वर्षं बसलो होतो. त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी असं मला रोज वाटायचं. आमची जात, आमचं गाव, आमची माणसं काय म्हणतील, या भीतीनं मी गेलो नाही. कुणाविरुद्ध मी काही केलं नव्हतं. मी फक्त गप्प राहिलो होतो आणि मला गप्प राहण्याची सवय लागली होती. पुढे घडलं त्यात या सवयीचा हात आहे, म्हणून हे लिहिलं.

माघात आबा गेले. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. आबा आणि माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, यांच्या वाटण्या मी जन्मायच्या आधीच झाल्या होत्या. आबांच्या वाट्याला ओढ्याकाठचं आठ एकराचं काळं वावर आणि विहीर आली. त्यांना मुलगा नव्हता, एकच मुलगी. तिला मी अक्का म्हणतो. अक्काचा नवरा लवकर गेला. सासरच्यांनी वर्षभरात तिला पोरीसकट चुडाव्याच्या स्टेशनवर आणून गाडीत बसवून दिलं. तेव्हापासून ती आबांकडे राहिली. काकू गेल्या, आबांचे गुडघे गेले, तरी ते वावर पिकत राहिलं ते अक्कामुळे. हे गावाला माहीत होतं, दादांनाही माहीत होतं.

आबांना अग्नी मी दिला. थोरला पुतण्या म्हणून ते रीतीला धरून होतं, अक्कानंच मला सांगितलं होतं. चुकलो तो तेराव्याला. आमच्याकडे तेराव्याला सोयरे टॉवेल-टोपी आणतात आणि मेलेल्या माणसाच्या जागी जो उभा राहणार त्याला चार लोकांत पागोटं बांधतात. दादांनी पाट मांडला आणि म्हणाले, "मास्तर, बस."

नोकरी लागल्यापासून दादा मला मास्तर म्हणायचे, त्यात थोडा अभिमान आणि बराच टोमणा असायचा.

मी म्हणालो, "मी कशाला दादा?"

"कुणाचं तरी डोकं लागतंय. पाव्हणे पागोटं घेऊन उभे हायेत, ते काय खुंटीला बांधावं का?"

लोक हसले. मी बसलो. खरं सांगायचं तर मी न कळून बसलो नव्हतो. अथेन्सच्या वारसाहक्काच्या खटल्यांत मागणी करणाऱ्याचा पहिला मुद्दा काय असायचा, हे मी महिनाभरापूर्वी वर्गात शिकवलं होतं. याला मी मूठमाती दिली, याचे विधी मी केले, म्हणून याचं घर माझं. ते पागोटं डोक्याभोवती फिरत होतं तेव्हा मला हे वाक्य जसंच्या तसं आठवलं, आणि मी मान खाली घालून बसून राहिलो.

अक्का स्वैपाकघराच्या दारात उभी होती. पंगती उठल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "शोभायलंय रे भाऊ तुला." आणि उष्ट्या पत्रावळी उचलायला गेली.

महिना गेला आणि दादांनी पहिली गोष्ट काढली. धाकटा, म्हणजे माझा भाऊ, शेती करायचा, चोवीस-पंचवीसचा होता, लग्न व्हायचं होतं. दादांनी अक्काला बोलावून घेतलं. मी रविवारचा गावी होतो.

"पोरी," दादा म्हणाले, "तुझी लेक उजवायला आली. बाहेर कुटं शोधत बसावं? मामानं भाची करायची चाल आपल्याकडं जुनी हाय. धाकट्याला देऊन टाक. लेक बी घरात, वावर बी घरात."

आमच्यात चुलत भाऊ म्हणजे सख्खा भाऊ, त्यामुळे ग्रीकांची सरळ वाट दादांना बंद होती. दादांनी एक पिढी खाली उतरून तीच वाट शोधली होती, आणि तीही कुठलं पुस्तक न वाचता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसासारखाच विचार करायला त्यांना पुस्तकाची गरज पडली नाही. जमीन पुरली.

अक्का म्हणाली, "ती शिकायलीय काका."

"शिकू दे की. लग्न झाल्यावर शिकू न्हाई असं कोण म्हणलं?"

"आन् तिला विचारायचं न्हाई?"

"तिला काय कळतंय?"

"मग जिला कळत न्हाई तिचं लग्न कामून करायलाव?"

धाकटा उंबऱ्यात बसून काडीनं नखं कोरत होता. तो उठून गोठ्याकडे गेला. त्यालाही ते नको होतं, हे त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आमच्या घरात गप्प राहणारा मी एकटाच नव्हतो.

अक्कानं नकार दिला. मी तिला वाटेत गाठलं आणि माझ्या मते शहाणपणाचं बोललो. म्हणालो, अक्का, तडजोड कर. क्रीट नावाच्या बेटावर एका गावात भिंतीच्या दगडावर कायदा कोरलाय. तिथल्या मुलीला जवळचा नातेवाईक नवरा म्हणून नको असला तर ती नाही म्हणू शकायची. घर तिचं राहायचं आणि उरलेल्यातलं निम्मं त्याला देऊन ती सुटायची. तूही निम्मं देऊन मोकळी हो, चार एकरात तुमचं दोघींचं भागेल.

ती थांबली. डोक्यावर चाऱ्याचा भारा होता, तो तिनं खाली ठेवला नाही.

"निम्मं कामून?" ती म्हणाली. "आबांची मी काय निम्मी पोरगी व्हते का?"

"अक्का, ते लोक..."

"तुझा दगड तुझ्यापाशी ठेव. तू सरळ सांग भाऊ, तू कुणाकडून हायस?"

मी म्हणालो, "मी कुणाकडूनच नाही."

"पागोटं बांधलेला माणूस कुणाकडूनच न्हाई, असं ऱ्हातंय व्हय?"

ती गेली. मी बोरीपर्यंत चालत आलो आणि एस.टी. येईपर्यंत स्वतःची समजूत घालत राहिलो, की मी निदान तिचं वाईट तरी केलं नाही.

चैत्रात धाकट्यानं दादांच्या सांगण्यावरून आबांच्या वावरात नांगर घातला. अक्का जाऊन बैलांपुढे उभी राहिली. नांगर परत गेला, पण गावात बोलणं सुरू झालं. पुतण्याला पागोटं बांधलं, मग पुतण्याचं वावर. बाईमाणूस अडवतं म्हणजे काय? पारावर कुणीतरी असंही म्हणालं की विद्यापीठाचं नाव गेलं, आता सरकार पोरींना वावरं देणार म्हणतंय, आपलं म्हणून काय ऱ्हायलं? ज्यांचं काहीच गेलं नव्हतं तीच माणसं त्या वर्षी सगळं गेल्याच्या सुरात बोलत होती. त्यांत आमच्या घरची माणसं पुढे होती.

अक्कानं तलाठ्याकडे वारस म्हणून आपलं नाव लावायला अर्ज दिला. दादांनी हरकत घेतली. हरकत अशी की आबांनी मला लहानपणीच दत्तक घेतलं होतं, पंचांसमोर मांडीवर दिलं होतं, गावजेवण घातलं होतं.

मला हे कळलं तेव्हा मी दादांना विचारलं. ते जिंतूरला माझ्या घरी आले होते, चहा बशीत ओतून पीत होते.

"दादा, मला तुम्ही दत्तक दिलं होतं?"

"दिल्यासारखंच व्हतं."

"दिल्यासारखं म्हणजे?"

"तू तिकडंच खेळायचास. तिकडंच झोपायचास. आबाला पोरगा न्हाई, मला दोन. दोन पोरं, दोन वावरं. ते तुला, हे धाकट्याला. यात वाईट काय हाय? तुझ्याच भल्याचं करायलोय."

"आणि अक्का?"

"अक्काला उपाशी मारतो का मी? साडी-चोळी, दाणागोटा, सगळं पुरवू." मग त्यांनी बशी खाली ठेवली. "तुला खोटं बोलायचं न्हाई. तू काहीच बोलू नकोस. सर्कलसाहेब विचारील तवा नुसता खाली मान घालून बस. तू गप बसलास की ते कबूलच धरत्यात. तेराव्याला कसा बसलास, तसाच बस."

हे शेवटचं वाक्य त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. मला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. माझ्या बापाला माझी ओळख होती. माझ्याकडून खोटं बोलणं होणार नाही आणि खरं बोलणंही होणार नाही, हे त्यांनी नीट हेरलं होतं आणि त्यावरच सगळा डाव मांडला होता.

भाची आतल्या खोलीत अभ्यास करत होती. दादा गेल्यावर ती बाहेर आली, कपबशा उचलल्या. मला वाटलं ती काही विचारील. तिनं विचारलं नाही. तिच्या त्या न विचारण्यानं मी त्या आठवड्यात दोनदा तास अर्धवट सोडून आलो.

सुनावणी गावातच चावडीच्या ओसरीवर झाली. मंडळ अधिकाऱ्याला आमच्याकडे सर्कल म्हणतात. तो तरुण होता, घामानं बेजार झालेला, लवकर उरकून पुढच्या गावी जायच्या घाईत. समोर निम्मं गाव बसलं होतं. अक्का खांबाला टेकून उभी होती, शेजारी भाची. मी दादांच्या बाजूला सतरंजीवर.

दादांचा पहिला साक्षीदार गावातला सगळ्यात म्हातारा माणूस होता. सर्कलनं विचारलं, "दत्तकविधी तुम्ही स्वतः पाहिला?"

"पाह्यला म्हंजे? जेवलो न्हवं मी! बुंदी व्हती."

"जेवण कशाचं होतं?"

"दत्तकाचं. बुंदी उगं कोण काढतंय साहेब? त्या टायमाला साखर मिळत न्हवती."

दुसरा साक्षीदार त्याच्याहून थोडा लहान. तो म्हणाला, "व्हय, मी बी जेवलो. बुंदी, वरण, आन् वांग्याची भाजी."

पहिला उसळला. "वांग्याची कुटली? भोपळ्याची व्हती."

"वांग्याची. माझ्या जिभेला याद हाय."

"तुझ्या जिभेला तुझ्या लग्नातलं बी याद न्हाई."

ओसरी हसायला लागली. सर्कलनं कपाळ पुसलं. "भाजीचं राहू द्या. मुलाला मांडीवर दिलेलं कुणी पाहिलं?"

मग म्हातारा म्हणाला, "आमी पंगतीत व्हतो साहेब. मांडीकडं कोण बघतंय, पत्रावळीवर लक्ष."

मला त्याचा राग आला नाही. तो खोटंही बोलत नव्हता. जेवण झालं होतं, तो जेवला होता, त्याचं कारण त्याला गेल्या महिन्यात दादांनी सांगितलं होतं आणि ते त्याच्या आठवणीत बुंदीला चिकटून बसलं होतं. अथेन्सच्या कोर्टातही हेच चालायचं. दत्तक मुलाला भावकीपुढे आणायचे, जनावराचा बळी द्यायचे, मांस वाटायचे, आणि खटला उभा राहिला की ज्यांनी खाल्लं त्यांना साक्षीला बोलवायचे. खाल्लेलं खोटं कसं असेल, असा त्यांचाही भरवसा होता.

अक्का पुढे आली. "साहेब, ते जेवण विहिरीचं व्हतं. आबांच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून घातलं. माझी माय दर उन्हाळ्याला सांगायची."

भाऊबंदांतला एक जण मागून म्हणाला, "मेलेल्या मायचं सांगणं इथं चालत न्हाई, बाई."

अक्का वळली. "आन् बुंदी चालती व्हय?"

या वेळी दादांच्या बाजूचेही हसले. सर्कलनं हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बोला. तुम्ही प्राध्यापक आहात ना? तुम्हाला दत्तक दिलं होतं का?"

दादांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मी खाली पाहिलं. त्यांच्या नखांतली माती दिसली. या हातानं मला शाळेत घातलं, परभणीला खोली घेऊन दिली, शिकवण्यापायी एक वर्ष नवं धोतर घेतलं नाही. ते मला सगळं आठवलं, आणि मी गप्प बसलो असतो तर याच उपकारांचं नाव पुढं केलं असतं हेही मला कळलं. विहिरीचं जेवण की दत्तकाचं, मला ठाऊक नव्हतं. मला आठवत नाही, एवढं म्हणून मी सुटू शकत होतो. तेही खरंच होतं. पण त्या खऱ्यामुळे अक्काचं वावर जाणार होतं.

मी उभा राहिलो. गुडघ्यावरचा हात खाली पडला.

"मी दत्तक नाही," मी म्हणालो. "मी यांचाच मुलगा आहे. यांच्याच घरी वाढलो, यांच्याच नावानं शिकलो, यांचंच नाव लावतो. आबांची वारस अक्का आहे, दुसरं कुणी नाही. तेराव्याला मी पागोटं बांधून घेतलं. मला त्याचा अर्थ माहीत होता, तरी बांधून घेतलं. त्याचा मला काही हक्क नव्हता. ते लिहून घ्या."

मी यांचाच मुलगा आहे असं चारचौघांत म्हणणं हाच त्या दिवशी माझ्या बापाचा अपमान ठरला. मग दादा बसल्या जागेवरून म्हणाले, "माझाच हायस ना?"

"हो."

"मग माझं ऐक की."

"बाकी सगळं ऐकतो दादा. हे नाही ऐकणार."

"शिकवलं तेच चुकलं," ते म्हणाले, आणि टोपी झटकून उठले.

सर्कलनं अक्काचं नाव लावायचा हुकूम दिला. दादांनी वर अपील केलं नाही. बुंदीवर वरच्या कोर्टात काही टिकणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी केलं ते वेगळंच. पुढच्याच महिन्यात आपलं सगळं वावर धाकट्याच्या नावानं करून दिलं. मला ते बोरीच्या एस.टी. स्टँडवर एका सोयऱ्याकडून कळलं. माझी बायको म्हणाली, "बरं झालं, आता कुणाला काही लागत नाही आपण." मला मात्र ते लागलं. जमिनीचं कमी, आणि दादा वाटेत दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जायचे त्याचं जास्त. त्यांना दुखवल्याचा भार मी अजून वाहतो. तो उतरावा असं मला वाटतही नाही. पण त्या ओसरीवर बोललेला एकही शब्द मी परत घेणार नाही, आणि कुणी सांगितलं की बापासाठी एवढं गप्प राहायला काय जात होतं, तर मी विचारतो, कुणाचं जात होतं ते आधी सांगा.

पेरणीला भाऊबंदांनी अक्काला बैल दिले नाहीत. आमच्याकडे एकमेकांचे बैल घेऊन पेरणी करतात, त्याशिवाय लहान वावरवाल्याचं भागत नाही. सगळ्यांनी कारणं सांगितली. एकाचा बैल लंगडत होता, एकाचं जू मोडलं होतं, एकानं तर सरळ सांगितलं, तुझ्या काकाला विचार. भाड्यानं आणलेला बोरीचा एक बैलजोडीवाला वावर नांगरून, सऱ्या पाडून गेला, पण पेरणीला येतो म्हणाला आणि आला नाही. त्याला कुणी काय सांगितलं असेल ते मला विचारावं लागलं नाही.

मी म्हणालो, "अक्का, आता?"

"आता काय? सरकी टोबायला बैल कशाला लागत्यात? दोन बोटं लागत्यात." मग माझ्या हातांकडे पाहून म्हणाली, "खडूची असली तरी चालतील."

वाफसा आला होता. कॉलेजला रजा टाकून मी, माझी बायको, भाची आणि अक्का अशी चौघं ओळीनं बसलो. बोटानं खळगं करायचं, दोन-तीन बिया टाकायच्या, माती लोटायची, पुढे सरकायचं. दुपारपर्यंत माझी कंबर धरली. भाची माझ्या दोन हात पुढे होती आणि मुद्दाम मागे वळून पाहत नव्हती, मला लाज वाटू नये म्हणून.

दादा बांधावर येऊन उभे राहिले ते अक्कानं आधी पाहिलं. ती उठली नाही. पदर सारखा केला आणि टोबत राहिली. मग मला म्हणाले, सुनावणीनंतर पहिल्यांदाच, "मास्तर, बायांच्या ओळीत बसलास?"

मी म्हणालो, "हो दादा. तिथंच जागा मिळाली."

त्यांनी अक्काकडे पाहिलं. "बैल न्हाईत, माणूस न्हाई. बघतो पोरी, किती दिवस कसतीस."

"बघा की काका," अक्का मान वर न करता म्हणाली. "बांधावर बसून बघा. बोरीच्या झाडाखाली सावली हाय."

भाची फिसकन हसली आणि लगेच तोंडावर मातीचा हात धरला. दादांनी ते पाहिलं. मला वाटलं आता शिवी येईल. त्यांनी झाडाखालच्या सावलीकडे पाहिलं, काठी या हातातून त्या हातात घेतली, आणि आले तसे गेले. त्यांची पाठ ओढ्यापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी तिकडे पाहत होतो.

"भाऊ," अक्का म्हणाली, "हात चालू दे. ऊन उतरायच्या आत निम्मं वावर झालं पाह्यजे."

मी पुढे सरकलो आणि खळगं केलं.